पाटीवर मराठी आधी यावी, पण मल्याळम का पुसावी?

वाचकाचे पत्र

माझे माहेर कोपरखैरणेचे. वडील माथाडी कामगार, मूळ गाव पाटण तालुक्यातले. लग्न होऊन मी नेरूळला मल्याळी कुटुंबात आले. सासरे, ज्यांना आम्ही अच्छन म्हणतो, आलप्पुळ्याहून इकडे आले आणि लोकल नेरूळपर्यंत पोहोचली त्याच सुमारास त्यांनी किराणा दुकान काढले. दुकानाला त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले आहे; पाटीवर ते वर मल्याळममध्ये आणि खाली इंग्रजीत आहे. मल्याळम अक्षरे ते दर वर्षी ओणमच्या आधी स्वतः ब्रशने पुन्हा रंगवतात. आता दुकान मी आणि मिस्टर पाहतो, हाताखाली दोन मुले आहेत. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीत काही तरुण मराठी पाटीवरून दुकानदारांना दम देऊन गेले आणि तेव्हापासून आमच्या घरात वाद सुरू आहे. भाऊ म्हणतो, मल्याळम काढून टाक आणि दुकानाचे नावही मराठी ठेव. अच्छन म्हणतात, मल्याळम आहे तिथेच राहील, मराठी खाली लिहा. मिस्टर म्हणतात, दहापेक्षा कमी कामगार असतील तर नियमच लागू नाही. धाकटे दीर कॅनडात असतात. त्यांच्या मते तिकडे कोणी कोणाच्या पाटीची भाषा विचारत नाही. मराठी पाटी लागावी असे मला मनापासून वाटते, पण अच्छनची अक्षरे उतरवण्याचा धीर होत नाही. त्यातच रंगाऱ्याने दाखवलेल्या नमुन्यात गावाचे नाव ‘आलापुझ्झा’ असे लिहिले होते. ते पाहून अच्छन दोन दिवस दुकानात आले नाहीत. मी काय करावे?

एक वाचक, नेरूळ

उत्तर

तुमच्या घरातली सगळी मते मी नीट वाचली. माझे मत आधी सांगते, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे ते लक्षात येईल. पाटीवर मराठी सर्वांत वर यावी, ठळक यावी आणि शुद्ध यावी. तिच्याखाली मल्याळम राहावी. दुकानाचे नाव बदलू नये. तीन लिप्यांना जागा पुरत नसेल तर मल्याळम राहू द्यावी आणि इंग्रजी उतरवावी.

मिस्टरांचा समज पूर्वीच्या परिस्थितीवर आधारलेला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची बहुतेक बंधने दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती होती आणि लहान दुकानांनी व्यवसाय सुरू केल्याची सूचना खात्याला दिली की पुरत असे. त्यामुळे गल्लीबोळांतली बहुसंख्य दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतून निसटत होती. ही पळवाट बुजवण्यासाठीच २०२२ मध्ये दुरुस्ती करून कलम ३६-क घालण्यात आले. आता दुकानात दोन माणसे असोत की दोनशे, नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत असलाच पाहिजे, मराठी अक्षरे सुरुवातीला आली पाहिजेत आणि त्यांचा आकार फलकावरच्या दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. व्यापाऱ्यांची एक संघटना या सक्तीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने तिची याचिका फेटाळली आणि वर २५ हजार रुपयांचा खर्च भरायला लावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती केव्हाच उलटली आहे. म्हणजे अच्छन सुचवतात तशी मल्याळम वर आणि मराठी खाली ही मांडणी आज नियमात बसत नाही, आणि आतापर्यंत कोणी विचारले नाही एवढ्यावर विसंबून राहणेही बरोबर नाही.

मात्र याच कलमात दुसऱ्या कोणत्याही भाषेला मनाई केलेली नाही, हे भावाला जरूर दाखवा. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना जी कारणे दिली त्यांत हेच एक होते, की सरकार इतर भाषांवर बंदी घालत नसून केवळ मराठीचा आग्रह धरत आहे. नावाचे भाषांतर करा किंवा नाव बदला, असेही कायदा म्हणत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या गावाचे नाव देवनागरीत लिहिले की ते नाव कायद्याच्या दृष्टीने मराठीत आले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाबाबत जो निकाल दिला तोही इथे आठवण्याजोगा आहे. नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीबरोबर उर्दू लिहिलेली होती आणि ती काढावी अशी मागणी होती. मराठी आहे आणि तिच्यासोबत दुसरी भाषाही आहे, यात कायद्याचा भंग नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तो खटला सरकारी इमारतीचा होता, दुकानाचा नव्हे. पण मराठीचा मान राखणे म्हणजे शेजारची भाषा पुसणे नव्हे, हे तत्त्व त्यातून निःसंदिग्धपणे पुढे आले आहे. शिवाय आपली वेगळी भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने नागरिकांच्या प्रत्येक गटाला दिलेला आहे.

दम देऊन गेलेल्या तरुणांबद्दल थोडक्यात सांगते. पाटी तपासण्याचा, नोटीस देण्याचा किंवा दंड करण्याचा त्यांना अधिकार नाही. नवी मुंबईत हे काम कामगार खात्याचे आहे आणि पूर्वी ज्यांना आपण दुकाने निरीक्षक म्हणत असू त्यांना आता सुविधाकार म्हणतात. पाटी नियमात बसवल्यानंतर कोणी येऊन मल्याळमवर हरकत घेतली तर वाद घालू नका, त्यांची तक्रार लेखी मागा. हात उगारला किंवा पाटीला हात लावला तर सरळ पोलिसांत जा. भीतीपोटी मल्याळम उतरवली तर मराठीचे काहीही भले होणार नाही, आणि तुमच्या घरात मात्र मराठी म्हणजे दहशत अशी गाठ कायमची बसेल. मराठीवर जीव असलेल्या माणसाला ही गोष्ट सर्वांत जास्त लागायला हवी.

भावाचा राग मी हलका लेखत नाही. आपल्याच शहरात दुकानात मराठीत विचारावे आणि उत्तर हिंदीत यावे, बँकेत किंवा मोठ्या मॉलमध्ये आपली भाषा बोलणाऱ्याकडे कमीपणाने पाहिले जावे, असे अनुभव ठाण्यापासून पनवेलपर्यंत असंख्य मराठी माणसांनी घेतलेले आहेत आणि पाटीचा आग्रह त्या दुखण्यातून आलेला आहे. हा आग्रह रास्त आहे, असेच माझे मत आहे. पण त्याला बेळगावची आठवण करून द्या. कर्नाटकाने २०२४ मध्ये फलकांवर ६० टक्के कन्नडचा नियम केला, तेव्हा बेळगाव भागातल्या मराठी माणसाला जी धास्ती वाटली ती काय होती? कन्नड लिहावी लागेल याची नव्हती. आपली मराठी पाटीवरून हळूहळू नाहीशी होईल, याची होती. तिथे आपल्या माणसांसाठी आपण जे मागतो ते इथे आलप्पुळ्याच्या माणसाला नाकारता येणार नाही. नाकारले तर बेळगावातला आपला दावाही दुबळा होतो.

शिवाय नवी मुंबईत ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ ही रेघ ओढताना जरा थांबायला हवे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. ती गावे मुख्यतः आगरी-कोळ्यांची. घाऊक बाजार मुंबईतून वाशी-तुर्भ्याला आले, त्यांच्यामागे तुमच्या वडिलांसारखे साताऱ्याकडचे माथाडी कोपरखैरणे आणि घणसोलीत येऊन राहिले. तुमचे सासरे केरळातून आले. दोघांनीही या शहरासाठी घाम गाळला आहे आणि दोघेही पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहत आलेल्या आगऱ्याच्या मानाने नंतरचे आहेत. त्या आगऱ्याची बोली तर सिडकोने वसवलेल्या नोडमधल्या, म्हणजे नव्या वसाहतींमधल्या, पाट्यांवर औषधालाही सापडत नाही. हे मी मराठीचा हक्क पातळ करण्यासाठी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या भूमीवर पाटीवरचा पहिला मान मराठीचाच आहे. मात्र त्या मानाच्या जोरावर दुसऱ्या कष्टकऱ्याला परका ठरवणे माथाडीच्या लेकाला शोभत नाही, एवढे बहिणीने भावाला सांगायला हरकत नाही.

आता अच्छन. खरा प्रश्न तुमच्यासमोर हाच आहे आणि पत्रातही तुमचे मन इथेच अडखळलेले दिसते.

त्यांच्याशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका आणि भावाला सोबत नेऊ नका. तुम्ही आणि मिस्टर दोघांनी बसा, आणि पहिले वाक्य असे असू द्या की मल्याळम पाटीवर राहणार आहे. त्यांना वाटणारी भीती जागेची नसून आपण पुसले जाण्याची आहे. ती आधी दूर झाल्याशिवाय पुढचे काहीही त्यांच्या कानांत शिरणार नाही. त्यानंतर त्यांना पेरुंबावूरबद्दल विचारा. एर्नाकुलम जिल्ह्यातले ते गाव त्यांना नक्की माहीत असेल. तिथल्या प्लायवूडच्या कारखान्यांत बंगाल, आसाम आणि ओडिशातले हजारो कामगार काम करतात आणि त्यांच्यासाठी तिथल्या बाजारात बंगाली, हिंदी अक्षरे दिसू लागली आहेत. तिथल्या एखाद्या दुकानदाराने बंगाली वर आणि मल्याळम खाली लिहिली तर अच्छनना कसे वाटेल? आणि त्या बंगाली कामगाराची अक्षरे कोणी खरवडून काढली तर? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ते स्वतःच देतील आणि तीच उत्तरे नेरूळलाही लागू पडतात. केरळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्य झाले, महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. भाषेसाठी राज्य मागण्याची तळमळ त्यांच्या पिढीला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्यांची मागणी तुम्हाला पूर्ण करता येणार नाही, हेही मोघम ठेवू नका. सून म्हणून नाही म्हणणे जड जाते, त्यामुळे पुष्कळदा आपण ‘बघू’ म्हणून वेळ मारून नेतो आणि मग एके दिवशी रंगारी शिडी लावतो तेव्हा घरात भूकंप होतो. मराठी वर येईल, हे त्यांना तुमच्याच तोंडून आणि काम सुरू होण्यापूर्वी कळले पाहिजे.

मल्याळम टिकवण्याचे कारण केवळ त्यांचे मन राखणे हेही नाही. नव्याने नोकरीला आलेली एखादी नर्स, गावाकडून मुलाकडे राहायला आलेली एखादी म्हातारी अम्मा, यांना अनोळखी रस्त्यावर ती अक्षरे लांबून दिसतात आणि आत आपली भाषा बोलणारे कोणीतरी आहे हे कळते. तुमच्या घरातल्या मुलांचाही विचार करा. महाराष्ट्रात शाळेत मराठी सक्तीची असल्याने ती देवनागरी शिकतीलच, मल्याळम लिपी मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर रोज येईल अशी दुसरी जागा फारशी नाही.

इंग्रजी उतरवा म्हटल्याने तुम्हाला नवल वाटले असेल. वाशीपासून सीवूड्सपर्यंत रस्त्याने चालताना पाट्या वाचून पाहा. सर्वांत मोठी, सर्वांत झगझगीत अक्षरे बहुतेक ठिकाणी रोमन असतात आणि २०२३ च्या मुदतीच्या धसक्याने कोपऱ्यात चिकटवलेली मराठीची फ्लेक्सची पट्टी अनेक ठिकाणी उन्हाने विटलेली दिसते. आपण मराठी आणि मल्याळम यांच्यात भांडण लावतो आणि ज्या लिपीने दोघींची जागा व्यापली आहे तिच्याकडे बोट दाखवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तुमच्या दुकानापुरता व्यावहारिक विचार केला तरी देवनागरी मराठी गिऱ्हाइकाला वाचता येते आणि हिंदी भाषकालाही. मल्याळम तुमच्या हक्काच्या गिऱ्हाइकाला वाचता येते. राहिले तमिळ, बंगाली वगैरे शेजारी. त्यांच्यासाठी दाराच्या काचेवर इंग्रजी नाव आणि फोन नंबर लहान अक्षरांत असला की काम भागते.

दिरांना सांगा, की त्यांच्याच देशातल्या क्वेबेक प्रांतात पाटीची भाषा हा अर्धशतकाचा वाद आहे. तिथे १९७७ च्या कायद्याने दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये असाव्यात असे ठरले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ही ‘फक्त’ची अट अवैध ठरवली, मात्र फ्रेंच ठळकपणे वरचढ असावी अशी अपेक्षा समर्थनीय ठरू शकते, असेही म्हटले. बरीच खळखळ झाल्यावर १९९३ मध्ये कायदा त्या दिशेने बदलला आणि १ जून २०२५ पासून तर फ्रेंच मजकुराला इतर भाषेच्या दुप्पट जागा द्यावी लागते. महाराष्ट्राचा नियम त्या मानाने सौम्य आहे. आपल्याकडे मराठी आधी आणि निदान बरोबरीच्या आकाराची, एवढेच मागितले आहे.

आता प्रत्यक्ष पाटी. रंगाऱ्याचा नमुना परत करा. त्याने इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘झ’ लिहिला, पण त्या नावात ‘झ’चा उच्चार नाहीच. मल्याळममधला तो ध्वनी हुबेहूब ‘ळ’ नसला तरी मराठीच्या ‘ळ’ला पुष्कळ जवळचा आहे. म्हणून तुम्ही पत्रात लिहिले आहे तसेच ‘आलप्पुळा’ लिहा, आणि काम देण्यापूर्वी ते अच्छनना मोठ्याने वाचून दाखवा. परक्या लिपीतून उसने घेतलेले चुकीचे नाव मराठीत मिरवणे हा त्या गावाचा जितका अपमान आहे तितकाच मराठीचाही आहे. आपली लिपी ते नाव नीट लिहू शकते, मग इंग्रजीला मध्यस्थ कशाला घ्यायचे?

नावाखाली बारीक अक्षरांत, मराठीतच, दुकानात काय मिळते तेही लिहा: मट्टा तांदूळ, नेंद्रन केळी, पुट्टूचे पीठ, घाण्याचे खोबरेल, कुडमपुळी. कुडमपुळी ही आपल्या कोकमाच्याच कुळातली, माशाच्या कालवणाला लागणारी. हे गावठाणातल्या आगरी-कोळी बाईला एकदा कळले की ती ते मागायला येईलच. आतापर्यंत तुमच्या पाटीने तिला काही सांगितलेलेच नाही. मराठी पाटीचा हा लाभ दुकानदार फारसा मोजत नाहीत.

फ्लेक्स आणि आतून पेटणारी अक्षरे, दोन्ही टाळा. जुन्या पाटीसारखाच पत्र्याचा बोर्ड करून त्यावर ऑइलपेंटने अक्षरे काढून घ्या, म्हणजे अच्छनचे दर वर्षीचे रंगकाम बंद पडणार नाही. देवनागरीसाठी हाताने अक्षरे काढणारा जाणता रंगारी शोधा. तो आधी खडूने रेघा आखतो, शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची ठरवतो आणि वेलांट्या-मात्रांसाठी वर वेगळी जागा सोडतो. मल्याळम ओळ मात्र अच्छनच्याच हातची असू द्या. एक अडचण आधीच लक्षात घ्या. मल्याळमची अक्षरे आडवी पसरतात, त्यामुळे तेच नाव त्या लिपीत अधिक रुंदी खाते. बोर्डाची लांबी अपुरी पडली तर मल्याळमची उंची थोडी कमी करा, मराठीची नव्हे. तिथे सवलत घेतली तर पाटी पुन्हा नियमाबाहेर जाईल.

दुकान सोसायटीच्या इमारतीत असेल तर बोर्डाचे माप देऊन कार्यकारिणीची लेखी संमती घ्या, आणि जुन्यापेक्षा मोठा किंवा दिवे असलेला बोर्ड लावायचा ठरलाच तर पालिकेच्या नेरूळ विभाग कार्यालयात परवान्याची चौकशी आधी करा. खडूची आखणी झाल्यावर, रंग लागण्यापूर्वी, मराठी ओळ तुम्ही तपासा. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर शेजारच्या एखाद्या मराठी शिक्षकाला दाखवा. बोर्ड लागला की समोरून, सगळ्या ओळी स्पष्ट दिसतील असा फोटो काढा आणि दुकानाच्या नोंदणीची किंवा सूचनेची जी पावती तुमच्याकडे असेल तिच्यासोबत तो तारीख घालून फाइलला लावा. सुविधाकार आले तर त्यांना तेवढे दाखवले की पुरे.